मृगाआधी छप्पर: सातारा जिल्ह्यातल्या घरांची देखभाल आणि दुरुस्ती

महाबळेश्वरात वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. महाबळेश्वर ते म्हसवड हे अंतर सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरही भरत नाही. त्यामुळे आपल्याकडे छप्पर कसं सांभाळावं याचं एकच उत्तर देता येत नाही. पाटण, जावळी, महाबळेश्वरात दिवसेंदिवस न उघडणारी झड कौलं आणि लाकूड कुजवते. माण, खटाव, फलटणला चाळीस अंशांच्या उन्हाने तापलेल्या छतावर अचानक वळीव कोसळतो, कधी गारांसकट. सातारा, कोरेगाव, कराड या मधल्या पट्ट्याला दोन्ही सोसावं लागतं.

बहुतेक घरांत छपराकडे लक्ष जातं ते जुलैत, खाली बादली ठेवायची वेळ आली की. तेव्हा जे करता येतं ते तात्पुरतंच असतं. गळती शोधायची पावसात आणि दुरुस्त करायची उन्हात, ही या कामातली पहिली गोष्ट. आणि दुरुस्ती म्हणजे औषधाचा डबा आणून फासणं नव्हे. पाण्याला छपरावरून खाली जायची मोकळी वाट आहे का, हे आधी बघायचं. ती वाट तुंबलेली असेल तर वर कितीही महागाचं रसायन लावा, दुसऱ्या पावसाळ्यात डाग तिथंच दिसणार.

कोणतं काम कधी

पावसाळ्यात फक्त नोंद ठेवा. थेंब पडतो तिथे आढ्याला, वाशाला किंवा स्लॅबच्या पोटाला कोळशाने खूण करा, मोबाइलवर फोटो काढा, वारा कुठून होता तेही लिहा. कडेचं छप्पर फक्त पश्चिमेच्या वाऱ्यातच गळत असेल, तर पाणी वरून नव्हे, बाजूने घुसतंय.

स्लॅबचं काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत उरकावं. तोवर काँक्रीट सुकलेलं असतं आणि ऊन फार नसतं. शिवाय कोब्याला (स्लॅबवरच्या विटांच्या तुकड्यांच्या थराला), गिलाव्याला सात-आठ दिवस पाणी मारावं लागतं. माण-खटावात एप्रिलला प्यायच्या पाण्याचा टँकर लागतो, तिथे कोब्यावर मारायला पाणी कुठून आणणार? कौलांची शाकारणी, म्हणजे कौलं उतरवून, साफ करून पुन्हा लावणं, होळीनंतर घ्यावी, पण दोन्ही पाखी (छपराच्या उतरत्या बाजू) एकदम उघडू नयेत. वळीव वेळ सांगून येत नाही. एक पाखं उतरवा, लावा, मग दुसऱ्याला हात घाला. २५ मेच्या आसपास रोहिणी नक्षत्र लागतं, त्याआधी शिडी उतरलेली असावी.

आधी खालून बघा

भर दुपारी दिवे बंद करून माळ्यावर जा. कौलांतून, पत्र्यातून उजेडाचे ठिपके दिसतील, तेवढ्या जागा लगेच कळतात. मग टोच्याने किंवा पेचकसाने वासे, रिपा (कौलं ज्यांवर टेकतात त्या आडव्या पट्ट्या) आणि विशेषतः भिंतीत शिरणारी लाकडाची टोकं टोचून बघा. पेचकस सहज आत गेला तर लाकूड कुजलंय किंवा वाळवीने पोखरलंय. टोकं सगळ्यात आधी जातात, कारण भिंतीतली ओल त्यांनाच लागते आणि वारा लागत नाही.

थेंब जिथे पडतो त्याच्या बरोबर वर भोक असतं असं नाही. पाणी वाशावरून चार-पाच फूट ओघळत येतं आणि गाठ किंवा खिळा लागला की पडतं. खुणेपासून उताराच्या वरच्या दिशेला शोधत जा.

ती गळती पावसाची आहे का, हेही ठरवा. मार्चमध्येही स्लॅबचा डाग ओला राहत असेल तर टाकीचा, सोलर हीटरचा किंवा बाथरूमचा पाइप तपासा. थंडीत पहाटे पत्र्याच्या आतून थेंब पडत असतील तर तो बहुतेक वेळा घाम असतो: आतली दमट हवा गार पत्र्याला लागून पाणी होतं. महाबळेश्वर-पाचगणीकडे लोक त्यावर सिलिकॉन भरत बसतात. तिथे हवेला वाट हवी, आढ्याजवळ झरोका हवा.

वर चढताना

एकट्याने चढू नका. शिडी चार फूट उंचीला एक फूट बाहेर या हिशेबाने टेकवा, आणि खाली धरायला माणूस ठेवा. घरावरून वीजजोडणीची तार जात असेल तर महावितरणच्या लाइनमनला सांगून पुरवठा बंद करून घ्या. पत्रा उचलताना त्याचं टोक तारेला लागून माणसं दगावतात. कौलांवर मधोमध पाय देऊ नका, खाली रीप आहे तिथेच द्या. त्याहून चांगलं म्हणजे आढ्याला बांधलेली आडवी शिडी किंवा फळी टाकून तिच्यावरून फिरा. सिमेंटच्या पत्र्यावर तर थेट पाय टाकूच नका. तो न वाकता एकदम तुटतो, आणि खाली पडणारा माणूस सहसा थेट फरशीवर पडतो. कमरेला बांधायचा पट्टा आणि दोर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, तो घ्या. शेवाळलेल्या छपरावर पावसात चढायचं धाडस कोणाच्याही घरासाठी करू नये.

कौलारू घर

मंगळुरी कौलांचा कारखाना बासेल मिशनने मंगळुरात १८६५ साली काढला, पुढे ठिकठिकाणी कारखाने झाले. प्रत्येकाच्या साच्यात थोडा फरक असतो. म्हणून बदलीची कौलं आणण्याआधी आपल्या कौलाच्या पाठीवरचा शिक्का बघा आणि एक कौल बरोबर न्या. खाच खाचेत बसली नाही तर दिसायला सारखं कौल लावूनही पाणी आत येतं. जुनं घर उतरवणाऱ्याकडून घेतलेली चांगली भाजलेली कौलं पुष्कळदा नव्यापेक्षा सरस निघतात.

शाकारणी आढ्याकडून सुरू होते. आधी कोन्याची, म्हणजे आढ्यावरची, कौलं काढा, मग वरून खाली एकेक ओळ उतरवा. उतरवलेलं कौल बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत वाजलं तर ठेवा, बद्द वाजलं तर त्यात तडा आहे. शेवाळ काथ्याच्या किंवा तुरकाटीच्या खराट्याने घासून काढा. पाण्याचा जोराचा फवारा मारू नका, त्याने कौलाची वरची भाजलेली साय निघते आणि पुढच्या वर्षी कौल जास्त पाणी पितं.

आता रिपा. मंगळुरी कौलाला दोन रिपांमधलं अंतर साधारण साडेबारा इंच असतं, पण हा आकडा डोळे झाकून घेऊ नका. आपली दोन कौलं एकमेकांवर बसवून मोजा आणि त्या मापाची पट्टी कापून तिच्यावर रिपा ठोका. अंतर अर्ध्या इंचाने चुकलं तरी वरचं कौल खालच्याला नीट झाकत नाही. कुजलेली रीप जोड देऊन चालवू नका, वाशापासून वाशापर्यंत पूर्ण बदला. नव्या लाकडाला वाळवीचं औषध चारही बाजूंनी आणि कापलेल्या टोकांना लावा.

लावणी वळचणीकडून वर. पहिली ओळ दोरी धरून सरळ लावा, ती वाकडी गेली की आढ्यापर्यंत सगळं तिरकं जातं. वळचणीच्या दोन ओळी, आढ्याखालची ओळ आणि दोन्ही कडांची कौलं तारेने रिपेला बांधा. कौलाच्या पोटाला त्यासाठीच भोक असतं. मधली कौलं एकाआड एक बांधली तरी चालतात. वारा छपराला वरून दाबण्यापेक्षा कडेने उचलतो, म्हणून कडांवर तार वाचवू नका. वाई, सातारा, महाबळेश्वरकडे माकडांमुळेही कौलं सरकतात. बांधलेलं कौल त्यांच्या उड्यांनी निसटत नाही.

आढ्याच्या कोन्यांखाली नुसतं सिमेंट-वाळूचं कडक मिश्रण भरायची सवय आपल्याकडे पसरली आहे, ती चुकीची आहे. लाकडी सांगाडा ऋतूप्रमाणे फुगतो, आखडतो. कडक सिमेंट हलत नाही, मग ते तडकतं आणि बारीक चिरेतून पाणी शोषलं जातं. एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू असं मऊसर मिश्रण घ्या. कौल भिजवून बसवा, नाहीतर ते मिश्रणातलं पाणी ओढून घेतं.

दोन पाखी जिथे बेचक्यात मिळतात तिथली पत्र्याची पन्हळ ही गळतीची पहिली जागा. दोन्ही बाजूंनी ती कौलांखाली किमान सहा इंच शिरलेली हवी आणि तिच्यात पाचोळा साचता कामा नये. कौलांखाली प्लॅस्टिक अंथरायचं असेल तर ते थेट रिपांखाली ताणून लावू नका. वाशांच्या रेषेत, उताराच्या दिशेने आधी पातळ पट्ट्या ठोका, त्यांवर आडव्या रिपा. म्हणजे झिरपलेलं पाणी प्लॅस्टिकवरून खाली वाहतं आणि रिपांना वारा मिळतो. हे न केल्यास पाणी रिपेपाशी अडतं आणि गळती थांबलेली दिसत असताना लाकूड आतून कुजत राहतं.

महाबळेश्वरच्या बाजूला पश्चिमेकडच्या भिंतींना पावसाआधी गवताच्या झडी (आडोशाच्या ताट्या) बांधतात, हल्ली प्लॅस्टिकही लावतात. तिकडे भिंत झाकणं हा छपराच्याच कामाचा भाग धरावा.

पत्रा

नालीदार लोखंडी पत्र्याला बोल्ट किंवा स्क्रू नेहमी नालीच्या उंचवट्यावर असावा, खळग्यात नाही. पाणी खळग्यातून वाहतं, भोक तिथे असेल तर गळणारच. पत्रा गळतो तो बहुतेक वेळा भोकाभोवतीच्या रबरी किंवा डांबरी वायसरमुळे. उन्हाने वायसर कडक होऊन फुटतो. दर दोन-तीन वर्षांनी सगळे बोल्ट फिरवून बघा, फुटके वायसर बदला. इतकंही आवळू नका की पत्रा दबून खळगा होईल. त्या खळग्यात पाणी थांबतं.

पत्र्यावर पत्रा खाली-वर किमान सहा इंच आणि आडवा दीड नाली चढलेला हवा. आपल्याकडे पावसाचा वारा पश्चिम-नैर्ऋत्येचा. म्हणून पत्रे पूर्वेकडून लावत पश्चिमेला यावं, म्हणजे प्रत्येक जोडाची उघडी कड वाऱ्याकडे पाठ करून राहते. हे नवीन छपराच्या वेळीच जमतं, गवंड्याला किंवा फॅब्रिकेटरला आधी सांगून ठेवा.

वाऱ्यासाठी पत्र्यावर दगड, वाळूची पोती, टायर ठेवलेले गावोगाव दिसतात. दगडाखाली ओल राहून पत्रा गंजतो आणि वादळात दगड अंगावर येतो. खरा उपाय म्हणजे आढं, वळचण आणि कडांना एक नाली सोडून एक बोल्ट घालणं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पत्र्याखालचे आडवे पाइप भिंतीत पक्के रोवलेले असणं. वळवाच्या वादळात पुष्कळदा पत्रे पाइपांना चिकटलेलेच असतात आणि सगळा सांगाडाच भिंतीवरून उचलला जातो.

गंज तारेच्या ब्रशने स्वच्छ करून प्रायमर आणि रंग द्या. भोक लहान असेल तर त्याच धातूचा तुकडा सीलंटवर बसवून रिवेट मारा. नुसतं डांबर ओतलं तर ते उन्हात वितळतं, थंडीत तडकतं. नवे पत्रे आणून अंगणात थप्पी करून ठेवले आणि त्यात पाणी शिरलं, तर आठवडाभरात पांढरा गंज धरतो. थप्पी तिरकी आणि झाकलेली ठेवा.

सिमेंटच्या पत्र्यात बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. ते श्वासातून फुप्फुसात गेले तर वर्षानुवर्षांनी गंभीर आजार होतात. असा पत्रा कोरडा कापू नका, घासू नका, फोडू नका. हात लावायचाच असेल तर पाणी मारून, चांगला मास्क लावून, पोरांना लांब ठेवून.

स्लॅब

स्लॅब झाडा आणि दोन-चार बादल्या पाणी ओता. दुसऱ्या दिवशी जिथे डबकं उरतं तिथे खडूने रेघ मारा. उतार शंभर फुटांना किमान एक फूट हवा, तोही थेट पाइपाकडे. मग पाइप मोजा. तासाला १०० मिलिमीटर अशा जोराचा पाऊस धरला तर चार इंची एक पाइप साधारण ४०० चौरस फूट स्लॅबला पुरतो. हजार चौरस फुटांना एकच पाइप ठेवलेली घरं खूप आहेत. त्याचं तोंड पाल्याने बंद झालं आणि चार इंच पाणी साचलं, तर स्लॅबवर नऊ टनांच्या वर बोजा येतो. म्हणून तोंडावर घुमटाची जाळी बसवा आणि कठड्याला तळापासून दोन इंचांवर एक जादा भोक ठेवा. तिथून पाणी बाहेर पडताना दिसलं की खालचा पाइप तुंबल्याचं आपोआप कळतं.

भेगांचं बघू. दहा मीटर लांबीचा स्लॅब ३० अंशांनी तापला तर जवळजवळ तीन मिलिमीटर लांबतो, रात्री पुन्हा आखडतो. अशी हलती भेग सिमेंटने भरली की पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उघडणार. भेगेवर प्लॅस्टर ऑफ पॅरिसची एक टिकली लावून महिनाभर बघा. टिकली तडकली तर भेग हलती आहे, तिला लवचीक सीलंट लागेल. तडकली नाही तर पॉलिमर मिसळलेलं सिमेंट मिश्रण चालेल. दोन्ही वेळा भेग इंग्रजी व्हीच्या आकारात एक सेंटिमीटरभर रुंद करून, धूळ पूर्ण काढून मगच भरायची. धुळीवर काहीच चिकटत नाही, आणि फसलेल्या वॉटरप्रूफिंगमागे पुष्कळदा हीच धूळ असते.

स्लॅब आणि कठडा मिळतात तिथे तीन इंचांचा गोल वाटा (कोपरा भरून केलेली गोलाई) करून घ्या, त्यावर फायबरची जाळी आणि कोटिंग. कठड्याचा माथा आतल्या बाजूला उतरता हवा. कितीतरी घरांत स्लॅब धडधाकट असतो आणि पाणी कठड्याच्या तडकलेल्या गिलाव्यातून उतरतं.

कोटिंग दोन प्रकारचं मिळतं. सिमेंट-पॉलिमरच्या कोटिंगला पृष्ठभाग ओलसर लागतो, ॲक्रिलिकला पूर्ण कोरडा. डब्यावरच्या सूचना वाचा, दुकानदाराच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. दोन हात द्या, दुसरा पहिल्याला आडवा. भर दुपारी तापलेल्या स्लॅबवर लावू नका, सकाळी किंवा चारनंतर. वाळल्यावर पाइप बंद करून दोन इंच पाणी ४८ तास साठवा आणि खालून बघा. ठेकेदाराचा शेवटचा हप्ता या परीक्षेनंतरच द्यायचा, आणि हे काम सुरू होण्याआधी कागदावर लिहून घ्यायचं. जुन्या, गंजलेल्या सळ्यांच्या स्लॅबवर मात्र ही परीक्षा करू नका.

विटांच्या तुकड्यांचा कोबा हा चांगला, जुना उपाय आहे, पण तो चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास भरतो. जुना कोबा गळतो म्हणून त्यावरच नवा घालणं धोक्याचं. आधी जुना काढा.

खालून गिलावा फुगला असेल, ठोकल्यावर पोकळ वाजत असेल तर आत सळई गंजून फुगली आहे. पोकळ भाग काढा, सळई ब्रशने चकचकीत करा, गंजरोधक लावा, पॉलिमर मिश्रणाने बुजवा. सळई बरीच बारीक झालेली दिसली तर गवंड्यावर सोडू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

अलीकडे सातारा, कराडात गळक्या स्लॅबवर पत्र्याचं शेड मारून मोकळे होतात. ऊन आणि पाऊस दोन्ही थांबतं, त्यामुळे उपाय वाईट नाही. पण नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीची परवानगी लागते का ते आधी विचारा, खांब स्लॅबमध्ये नुसते ठोकू नका, ते बीमवर किंवा कॉलमवर घ्या. फक्त उन्हासाठी करायचं असेल तर फेब्रुवारीअखेर पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्या. खोलीतला फरक हाताला कळतो.

माळवद

माण, खटाव आणि सांगलीकडच्या आटपाडी, जतमध्ये अजून मातीची माळवदं आहेत. तुळई, त्यावर लाकडी कड्या, त्यावर फळ्या किंवा काटक्या, पाला आणि वर मातीचा थर, शेवटी पांढरी माती. कमी पावसात आणि कडक उन्हात याच्याइतकं गार छप्पर दुसरं नाही. पण दरवर्षी पावसाआधी वर नवी माती टाकायची आणि जुनी कधीच काढायची नाही, या रीतीनं छप्पर पिढ्यान्‌पिढ्या जड होत जातं. दहा बाय दहाच्या खोलीवर तीन इंच माती म्हणजे टनाच्या वर वजन, भिजल्यावर आणखी. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंतींवरची अशीच जड छपरं माणसांवर कोसळली. आपला जिल्हाही ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाचा आहे. म्हणून नवी माती टाकायची तर तेवढीच जुनी आधी उतरवा.

गवत, झुडपं मुळासकट काढा. उंदरांची बिळं मातीने ठासा. पांढरी माती चाळून, किंचित ओलावून, धुमसाने (माती ठासायच्या जड ठोकण्याने) ठोका आणि उतार पन्हळीकडे द्या. पन्हळ भिंतीपासून दीड फूट तरी पुढे असावी, नाहीतर पाणी मातीच्या भिंतीच्या पायात मुरतं. भिंतीत गेलेली कड्यांची टोकं दरवर्षी टोचून बघा. तुळई मधोमध वाकलेली दिसली तर त्या खोलीत झोपणं बंद करा, खाली टेकू द्या आणि मग माती उतरवायला घ्या.

पाटण, कोयना भागात जाणवण्याइतका धक्का बसला की दुसऱ्या दिवशी आढ्याचे सांधे, सरकलेली कौलं आणि भिंतीवरचे टेकू बघून घ्या, छप्पर कोणतंही असो.

भर पावसात गळू लागलं तर

ताडपत्री नुसती गळक्या जागेवर टाकू नका. तिची वरची कड आढ्याच्या पलीकडे गेली पाहिजे, नाहीतर पाणी तिच्याखालून शिरतं. कडा लाकडी पट्टीला दोन वेढे देऊन पट्टीच बांधा, ताडपत्रीला खिळे ठोकू नका. एखादंच कौल फुटलं असेल तर आतून वरचं कौल पाचरीने उचलून फुटक्याखाली पत्र्याचा तुकडा सरकवा, त्याचं वरचं टोक वरच्या कौलाखाली जाऊ द्या. स्लॅबवर पाणी थांबलं असेल तर आधी पाइपाचं तोंड मोकळं करा. छताला धरलेला रंगाचा फुगा सुईने फोडून पाणी बादलीत घ्या, आणि ओल विजेच्या पॉइंटपर्यंत पोचली असेल तर मेन स्विच बंद करा.

वादळात पत्रे, कौलं उडाली तर आवराआवरीआधी चारही बाजूंनी फोटो काढा आणि तलाठ्याला कळवा. पंचनामा झाल्याशिवाय शासकीय मदतीचा अर्ज पुढे सरकत नाही. विमा असेल तर कंपनीलाही त्याच दिवशी फोन करा. तोवर ताडपत्री घालायला हरकत नाही, पण मोडकं सामान फेकून देऊ नका.